शिक्का उडालेलं वजन

दवाखान्यातल्या काट्यावर पप्पांचा विश्वास नव्हता. मी जन्मलो तेव्हा नर्सबाईंनी सांगितलेलं वजन त्यांनी ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि आठव्या दिवशी मला दुपट्यात गुंडाळून श्रीरामपूरच्या मार्केट यार्डात नेऊन सरळ तागडीत ठेवलं. पप्पा तिथं मापाडी होते. शेतकऱ्याचा माल आडत्याच्या दारात आला की तो मोजायचा आणि आकडा मोठ्यानं पुकारायचा, हे त्यांचं काम. दुपट्याचं वजन वजा करून त्यांनी माझाही आकडा पुकारला म्हणे, आणि तो नर्सबाईंच्या आकड्यापेक्षा कमी भरला. एवढं स्वतःच्या डोळ्यांनी बघूनसुद्धा या माणसानं माझं नाव ठेवलं शमशोन. बायबलातल्या शमशोनानं नुसत्या हातांनी सिंह फाडला, खांब ढकलून अख्खं मंदिर पाडलं, आणि त्याचा सगळा जोर त्याच्या केसांत होता. मी एकोणीस वर्षांचा झालो तेव्हा मला लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडत नव्हतं; ते माझी धाकटी बहीण रूथ उघडून द्यायची आणि वर म्हणायची, "घे रे, सिंह फाडून ठेवलाय."

आत्मचरित्र लिहिणारा माणूस एकतर मोठा झालेला असावा नाहीतर म्हातारा. मी दोन्ही नाही. आत्ता कुठं तिशी ओलांडली आहे. पण माझी कंबर माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी मोठी आहे, तेव्हा तिचं आत्मचरित्र म्हणून हे प्रकरण वाचावं. डोक्यावरचे केसही निम्मे गेलेत, त्यामुळं शमशोन या नावाशी माझं उरलंसुरलं नातंही आता संपत आलंय.

एकोणिसाव्या वर्षी मी पोलीस भरतीत नापास झालो होतो. पळण्यात नाही, पळायला मी बरा होतो, कारण उचलून न्यायला अंगावर काही नव्हतंच. मला पाडलं गोळ्यानं. लोखंडी गोळा खांद्याशी धरून मी जीव खाऊन फेकला आणि तो माझ्या पायापासून इतक्या जवळ पडला की मोजणाऱ्या हवालदारानं टेप उलगडायच्या आधी माझ्याकडं दयेनं पाहिलं. आमच्या इथं पाटाच्या कडेला भरतीची तयारी करून घेणारी एक अकॅडमी होती. तिथले सर म्हणजे जाड मिशांचा, गळ्यात शिट्टी अडकवलेला माणूस. परत आल्यावर त्यांनी मला सगळ्या पोरांसमोर उभं केलं. "ह्याला बघा," ते म्हणाले. "नाव शमशोन. गोळा ह्यानं फेकला का गोळ्यानं ह्याला फेकलं, आजून कळलं न्हाई." पोरं हसली. मीही हसलो, मला तेव्हा स्वतःवर हसायची सवय होती, ती अजून आहे. पण घरी येताना सायकलवर बसून ठरवलं की गोळा शिकायचा, आणि या माणसाकडून शिकायचा नाही.

मग कुणाकडून? तर मोबाईलकडून. माझ्या फोनची काच कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकलेली होती, आणि त्या जाळ्यात मला एके दिवशी केटलबेल सापडली. एक गोरा, टकला माणूस कडी असलेलं लोखंडाचं वजन दोन पायांतून मागं न्यायचा आणि झपकन छातीपर्यंत उडवायचा. तो काय बोलत होता ते शब्दही कळत नव्हते, पण त्या वजनाकडं बघून मी उठून बसलो. कारण तसलं वजन मी जन्मल्यापासून बघत होतो! यार्डात इलेक्ट्रॉनिक काटे आल्यापासून पप्पा ज्या शेठच्या आडतीत मोजायचे तिथली जुनी वजनं गोदामात धूळ खात होती. त्यातलं वीस किलोचं, वर धरायला आडवी कडी असलेलं, चौकोनी. त्या गोऱ्यानं दुकानातून विकत आणलेली वस्तू आमच्या गोदामात पडून होती. मी त्याच संध्याकाळी वॉचमनला "पप्पांनी मागितलंय" म्हणून थाप मारली आणि ते वजन सायकलच्या कॅरिअरला बांधून आणलं. वाटेत सायकलचा पुढचा भाग दोनदा वर उचलला गेला. ते माझं पहिलं वजन उचलणं. फक्त उचललं होतं ते वजनानं सायकलला.

आमचं घर यार्डाच्या मागच्या गल्लीत. दोन खोल्या, मागं फरशीचं अंगण, अंगणात पत्र्याचं दार असलेली न्हाणी. गळिताच्या हंगामात उसाचे ट्रॅक्टर रात्रंदिवस टेप लावून जायचे. त्यावर पप्पांची उपासनेची गाणी, ती ते न्हाणीतच म्हणायचे, कारण चर्चच्या गायकवृंदानं त्यांना दोनदा नम्रपणे नकार दिला होता. आई मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करायची. दोनशे पोरींची आमटी ढवळून घरी आल्यावर चौघांची ढवळताना तिला हसू यायचं. रविवारी चर्च सुटलं की मटणाचा रस्सा आणि बाजरीची भाकरी, आणि बाकीचे सहा दिवस मी शक्तीसाठी चालवलेले भिजवलेले हरभरे. त्या हरभऱ्यांनी मला शक्ती दिली की नाही सांगता येत नाही. पण एकदा पाळकसाहेब "आपण शांततेत प्रार्थना करू" म्हणाले आणि त्या शांततेत हरभऱ्यांनी जे केलं, त्यानंतर रूथ दोन महिने माझ्या बाकावर बसली नाही.

तर केटलबेल. पैलवान अंगाला तेल लावतात एवढं मी ऐकून होतो, म्हणून पहिल्या दिवशी तळहातांना चांगलं गोडंतेल चोळलं. शहाण्या माणसाला यातला धोका वाचतावाचताच कळला असेल. मी वजन पायांतून मागं नेलं, पुढं आणलं, आणि ते पुढंच गेलं. न्हाणीच्या पत्र्याला भगदाड पाडून आत गेलं. आत पप्पा होते. गाणं मध्येच थांबलं. मला वाटलं बाप गेला. क्षणभरानं दार उघडलं आणि पप्पा बाहेर आले, कमरेला टॉवेल, डोक्याला साबणाचा फेस, हातात वजन. ते दाराकडं बघेनात, माझ्याकडं बघेनात. त्यांनी वजन उलटं केलं, बोटानं चाचपलं, आणि त्यांचा चेहरा पडला.

"शिसं कुठंय?"

वजनाच्या बुडाला एक भोक असतं. त्यात शिसं भरून त्यावर सरकारी शिक्का मारतात. वजन खरं असल्याची ती साक्ष. माझ्या दणक्यानं ते शिसं उडालं होतं. पुढचा अर्धा तास आम्ही चौघं अंगण शोधत होतो. पप्पा टॉवेलवरच. डोक्यावरचा फेस वाळून गेला. शिसं सापडलं नाही, बहुतेक मोरीतून गेलं.

"अहो, शेठनी ती वजनं कवाच टाकून दिलीत," आई म्हणाली. "काट्यावर मोजत्यात आता. कोन इचारतंय?"

"म्या इचारतोय," पप्पा म्हणाले. "ह्ये खोटं झालं आता. तीस वरसं त्या आडतीत एक खोटं वजन नव्हतं."

ते तसेच कपडे घालून शेठच्या घरी गेले आणि मुलानं काय केलं ते सांगून आले. शेठ हसले, राहू द्या म्हणाले. पप्पा हसले नाहीत. परत येऊन त्यांनी वजन माझ्या पायाशी ठेवलं. "खोटं वजन यार्डात जायाचं न्हाई. हितंच राहू दे तुज्यापाशी. दोगं खोटे एका जागी बरे." अशा रीतीनं मला केटलबेल मिळाली. चोरी करून नव्हे, हट्ट करून नव्हे. तिची इज्जत घालवून.

पुढचे दोन महिने मी जे केलं त्याला व्यायाम म्हणणं म्हणजे व्यायामाची बदनामी. कडीच्या ओतीव धारेनं तळहात सोलले, म्हणून कडीला सायकलची ट्यूब गुंडाळली. ट्यूबनं पकड जाड झाली, म्हणून बोटं उघडायला लागली, म्हणून ट्यूब काढली, म्हणून तळहात सोलले. गोरा माणूस वीस वेळा करायचा, मी हट्टानं पन्नास करायचो. मोजायचो मात्र बापासारखं. मापाडी मोजताना 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. लाभ, दोन, तीन. अंगणात रोज सकाळी माझा लाभ सुरू व्हायचा आणि कमरेचा तोटा. एका रविवारी उपासनेत सगळी मंडळी गाण्यासाठी उभी राहिली आणि मी उठूच शकलो नाही. कंबर धरली होती. मी पुढच्या बाकावर डोकं टेकवून दातांवर दात दाबून बसलो. पाळकसाहेबांनी नंतर दारात माझा हात हातात घेऊन सांगितलं की तरुण मुलांत इतकी मनापासूनची प्रार्थना हल्ली दिसत नाही.

त्या दिवशी मटण शिजत असताना पप्पांनी निर्णय सांगितला. चाकणला माझे मामा एका कंपनीत होते. ते मला हेल्पर म्हणून चिकटवणार होते. नाताळ झाला की निघायचं. मी पालथा पडलो होतो आणि आई कंबरेवर गरम मिठाची पुरचुंडी फिरवत होती. त्या अवस्थेत माणसानं बंड करू नये, पण मी केलं. उशीत तोंड खुपसूनच म्हणालो, "मी जानार न्हाई. मी पुढची भरती देनार."

"कशाच्या जोरावर?"

"मला आजून एक वरीस द्या."

पप्पांनी रश्शावरचं झाकण उचलून आत बघितलं. मग म्हणाले, "नाताळाच्या दुसऱ्या दिवशी ग्राउंडवर तीन गोळे टाक. सरांनी पास व्हायची रेघ मारलीय ना फक्कीची? एक जरी पलीकडं पडला तर वरीस तुझं. न्हाई पडला तर बॅग भरायची, आन तोंडातनं शबूद काढायचा न्हाई. मी सोता येनार बघाया."

महिना राहिला होता. कंबर सुटल्यावर मी पहिल्यांदा अक्कल चालवली. रूथच्या हातात फोन दिला आणि मला बाजूनं शूट कर म्हणालो. तोवर मी स्वतःला फक्त मनातल्या आरशात बघत होतो आणि तिथं मी अगदी त्या गोऱ्यासारखा दिसत होतो, फक्त केसांसकट. रूथनं शूट केलं, बघितलं, आणि पायरीवर बसून पोट धरून हसायला लागली.

"ए दादा, तू हापसा हापसतोय व्हय? बादली लावू का खाली?"

मी बघितलं. खरंच. गुडघ्यांतून खाली बसायचो, उठायचो, आणि खांद्यानं वजन वर ओढायचो. खाली-वर, खाली-वर. मागं-पुढं काहीच नव्हतं. वर आल्यावर मागं असा वाकायचो की पाठीचं धनुष्य व्हायचं; आणि ते धनुष्यच एवढे दिवस बाण मारत होतं. मग मी हिंदीत बोलणारा एक उस्ताद फोनवर शोधला. तो म्हणत होता, गुडघ्यांनी बसू नका, कंबरेतून मोडा, बूड मागं न्या. समजा दोन्ही हातांत सामान आहे आणि तुम्ही बुडानं कारचं दार लावताय. आता आमच्या सात पिढ्यांत कारचं दार कुणी हातानंसुद्धा लावलेलं नव्हतं. मी चार दिवस कार नसलेल्या अंगणात कारचं दार लावत राहिलो. शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, "शमश्याला काय जंत झालेत का?"

उलगडा झाला तो नानकटाईच्या दिवशी. नाताळच्या आधी आमच्याकडं घरी नानकटाई वळतात आणि पत्र्याच्या ट्रेमध्ये मांडून बेकरीच्या भट्टीत भाजायला नेतात. सगळ्या गल्लीचे ट्रे बेकरीत, प्रत्येकाच्या ट्रेवर नावाची चिठ्ठी, आणि घराघरात तुपाचा वास. आई दोन्ही हातांवर एकावर एक चार ट्रे घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली. मांजर आत शिरू नये म्हणून दार लावायचं होतं. तिनं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. पाठ सरळ, गुडघे जरासे सैल, बूड एकदम मागं, धाड! दार लागलं. आणि त्याच झटक्यात ती सरळ उभी राहून चालायला लागली. ट्रेमधली एक नानकटाई हलली नव्हती.

"आई, थांब!" मी ओरडलो. "परत कर!"

"काय परत कर?"

"दार लाव."

"मेल्या, लावलंय की."

मी दार उघडलं आणि तिला पुन्हा लावायला लावलं. तीनदा. रूथनं शूट केलं. आई चिडली, मग हसायला लागली, मग हसता हसता ट्रे हलायला लागले तेव्हा पुन्हा चिडली. ती तीस सेकंदांची फिल्म मी किती वेळा बघितली असेल याचा हिशेब नाही. जोर हातात नव्हताच. हात म्हणजे नुसते दोर. जोर बुडात आणि मांड्यांच्या मागच्या बाजूला, आणि तोसुद्धा एका क्षणाचा. तो क्षण सरला की वजन आपलं आपण तरंगतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात उभा राहिलो, वजन पायांत गेलं, मी मनातल्या मनात स्वयंपाकघराचं दार लावलं, आणि ते वीस किलोचं खोटं लोखंड छातीसमोर येऊन असं थांबलं, जसं त्याला बोलावलं होतं. कंबर ओरडली नाही. मी ओरडलो. नंतर कळलं की वीस वेळा नीट करणं हे पन्नास वेळा वाईट करण्यापेक्षा अवघड असतं. दमल्यावर हापसा परत यायचा, मान वर जायची, डावा हात चुकायचा. हापसा आला की मी थांबायचो. हे थांबणंच मला आधी येत नव्हतं. आजही, खरं सांगतो, डाव्या हाताचं माझं पुरतं जमलेलं नाही, आणि त्याचा दोष द्यायला आता मी कुणी शोधतही नाही.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं होतं. पप्पा स्वेटर आणि मफलर घालून ग्राउंडवर आले. सर प्लॅस्टिकच्या खुर्चीतून उठून म्हणाले, "या काका. आज शमशोन मंदिर पाडणार म्हणे." दहा-बारा पोरं जमली. फेकायच्या जागेपुढं पांढऱ्या फक्कीची एक पट्टी, तिच्यावर पाय पडला की फेक बाद, आणि लांब समोर ती पास व्हायची रेघ. मी गोळा उचलला. डोकं रिकामं होतं, आणि अशा वेळी अंग सवयीचं ऐकतं. मी गोळा दोन्ही हातांत धरला, पायांतून मागं नेला, आणि बुडाचा असा काही झटका दिला की तो सरळ आकाशात गेला. सगळे वर बघायला लागले. मग सगळे पळायला लागले. गोळा सरांच्या खुर्चीत पडला. खुर्चीचे चार पाय चार दिशांना बसले.

"आरं ए! गोळाफेक हाय ही! तोफ हाय का?" सर लिंबाच्या झाडाआडून ओरडले.

"लाभ," पप्पा म्हणाले. म्हणजे एक संपला.

दुसरा मी रीतीप्रमाणे खांद्याशी धरला, पण खुर्चीच्या धक्क्यानं हात आधी धावला आणि बूड मागंच राहिलं. रेघेच्या वीतभर अलीकडं पडला. "दोन," पप्पा म्हणाले. पोरं हसत नव्हती आता; वीतभर म्हणजे हसण्यासारखं राहिलं नव्हतं. तिसऱ्याला मी डोळे मिटले. गोळा मानेशी, गुडघे सैल, बूड मागं. दार लावलं. तो जोर पायातून निघून कंबरेतून खांद्यात आला आणि बोटांतून गेला, मला तो जाताना कळला. डोळे उघडले तेव्हा गोळा रेघेच्या पलीकडं मातीत रुतलेला होता. पोरांनी शिट्ट्या मारल्या. सरांनी, त्याच सरांनी, हात वर केला. "पास! च्यायला, पास!"

"पाय बाहीर हुता," पप्पा म्हणाले.

शिट्ट्या बंद झाल्या.

"काय काका," सर म्हणाले, "बोटभर गेला आसंल. भरतीत एवढं कोन बघतंय?"

"भरतीत बघत्यात का न्हाई ते भरतीवाले जानोत. म्या बघितला."

मला त्या क्षणी बापाचा जो राग आला तसा पुन्हा कुणाचा आला नाही. जन्मापासून हा माणूस मला मोजत होता आणि जन्मापासून मी कमी भरत होतो. मी तोंड उघडलं, 'खोटं आहे' म्हणायला. आणि खाली बघितलं. फक्कीची पट्टी विस्कटली होती. माझ्या उजव्या बुटाचं टोक पांढरं झालं होतं.

"व्हय," मी म्हणालो. "बाहीर हुता."

"मंग?"

"मंग काय. हारलो. पन मी चाकनला जानार न्हाई."

"शबूद दिलाय तू."

"मोडला. मारायचं तर मारा. घरात ठेवायचं नसंल तर चर्चच्या पायरीवर झोपतो. भरती दिल्याबिगर मी श्रीरामपूर सोडनार न्हाई. गोळा तितं जातुय पप्पा, तुमी बघितलाय जाताना. पाय शिकंन की मी. म्हैन्याभरात सोताचं बूड सोताच शिकलो, पाय न्हाई शिकनार?"

एवढं लांब वाक्य मी पप्पांपुढं आधी कधी बोललो नव्हतो. आवाज भलतीकडंच चिरकला, शमशोनासारखा मुळीच नाही. सर मिशीवरून हात फिरवत दुसरीकडं बघायला लागले. पप्पांनी गळ्यातला मफलर सैल केला. ते चालत गेले, मातीतला गोळा दोन्ही हातांनी काढला, मफलरच्या टोकानं पुसला, आणि आणून माझ्या हातात दिला.

"आजून एक टाक. ह्यो मोजायचा न्हाई."

मी टाकला. कुठं पडला ते मला पोरांच्या ओरडण्यावरून कळलं. पप्पांनी तिकडं पाहिलंच नाही. ते गुडघ्यावर हात टेकून वाकले होते आणि माझ्या बुटाकडं बघत होते.

"आत हुता," ते म्हणाले.

मग त्यांनी स्वेटरच्या आतून फोन काढला, चष्मा कपाळावर सरकवला, आणि चाकणला मामांना लावला. पप्पा फोनवर नेहमी यार्डात आकडा पुकारल्यासारखे बोलायचे, त्यामुळं ग्राउंडच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू गेलं.

"हालो. ऐका, पोरगं येत न्हाई."

मामांनी पलीकडून काहीतरी विचारलं.

"न्हाई न्हाई, बरं हाय चांगलं," पप्पा ओरडून म्हणाले. "न्हाई म्हनतंय."